काटक माणसांचा वॉर्ड

खाणवाडीला बक्षीस जाहीर झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या नाहीत. दातार मॅडमच्या ते बरोबर लक्षात आलं.

सभागृहाच्या भिंतीवर शहराचा नकाशा झळकत होता. जिथली माणसं जास्त जगतात ते वॉर्ड हिरवे, कमी जगतात ते लाल. नदीपलीकडचं वनराई नगर हिरवंगार होतं, ते तर असणारच. पण अलीकडच्या काठावर, बंद पडलेल्या दगडखाणीच्या खड्ड्यात, कचरा डेपोच्या उशाशी वसलेली आमची खाणवाडीसुद्धा हिरवी होती.

"हा चमत्कार आहे," मॅडम माइकवर सांगत होत्या. "धूळ आहे, धूर आहे, झाडं नाहीत, पाणी दिवसाआड. आणि तरीही इथले लोक मरत नाहीत! खाणवाडी आपल्याला शिकवते आहे की जगण्याची जिद्द असली की सुविधा दुय्यम ठरतात."

मी सुकेशिनी हिवराळे. आयुर्मान केंद्रात संख्याशास्त्रज्ञ आहे, आणि जन्मल्यापासून खाणवाडीत राहते. भरलेल्या सभागृहात तिथे राहणारी मी एकटीच, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. मी हसावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझं डोकं फिरलं होतं.

आमच्या यंत्राचं नाव आयुर्दर्शी. ते काय करतं हे समजायला अवघड नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. वय वाढतं तसे त्या धाग्यावर ठरावीक जागी मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके चढतात, काही उतरतात. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन हे ठिपके वाचले, की जन्मदाखला काहीही म्हणो, शरीर किती झिजलंय ते कळतं. याला देहवय म्हणतात. धूळ, धूर, रात्रीही न उतरणारी उष्णता, अर्धवट झोप, रोज कुणापुढे तरी मान खाली घालून उभं राहणं, हे सगळं त्या ठिपक्यांत उतरतं. दोन सख्ख्या बहिणी घ्या, एक या काठावर नांदवा, दुसरी त्या काठावर. वीस वर्षांनी त्यांच्या देहवयात दहा-बारा वर्षांचं अंतर पडलेलं असतं. हे आम्ही मोजलेलं आहे. यात कुणाचं रक्त हलकं नाही की भारी नाही. फरक पत्त्याचा आहे, आणि तो पत्ता कुणी कुणाला मिळू दिला नाही, याचा आहे.

दुसरा भाग टिकलीचा. नखाएवढी, दंडावर चिकटवायची, शहरातल्या प्रत्येकाला फुकट आणि सक्तीची. ती हृदयाचे ठोके मोजते, आणि ठोके कायमचे थांबले तर ते कुठे थांबले हे कळवते. जिथे ठोके थांबतील, मृत्यू त्या वॉर्डाचा. पत्ते खोटे असू शकतात, टिकली खोटं बोलत नाही, असं आमच्या माहितीपत्रकातच छापलंय.

यंत्र या दोन्हींचा मेळ घालतं. अमुक देहवयाची माणसं किती मरायला हवीत, आणि प्रत्यक्षात किती मेली? सगळ्या शहरात मेळ बसला. खाणवाडीत बसेना. इथली पन्नाशीची माणसं रक्तावरून सत्तरीची दिसत होती, आणि तरी मरत नव्हती. यंत्राला कारण सापडलं नाही. यंत्रं अशा वेळी कारण शोधत बसत नाहीत, एक आकडा लावून मोकळी होतात. आयुर्दर्शी खाणवाडीतल्या प्रत्येकाच्या देहवयातून वीस वर्षं वजा करायला लागलं. दातार मॅडमनी त्या आकड्याचं बारसं केलं. नाव ठेवलं, काटकता.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. तुम्ही लोक काटक असता. तुम्हाला ऊन बाधत नाही. तुम्हाला काहीही पचतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पाठीवर ओझी दिली, त्यांच्या पाठीचंच हे कौतुक. आता ते कौतुक यंत्रात शिरलं होतं आणि त्याला शास्त्र म्हणत होते.

बक्षीस काय, तर एक पितळी मानचिन्ह, आणि जिथे गरज जास्त तिथे साधनं न्यावीत म्हणून खाणवाडीचा दवाखाना दुसऱ्या वॉर्डात हलवण्याचा ठराव. टाळ्या त्यालाच पडल्या होत्या.

आमची माणसं का मरत नाहीत, हे खाणवाडीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं. आमची माणसं मरतात. इथे मरत नाहीत, एवढंच.

आम्ही बहुतेक सगळे मराठवाड्यातले, दुष्काळात खाणीवर दगड फोडायला आलेले. म्हातारं माणूस किंवा मोठं दुखणं असलेलं माणूस आता काही उठत नाही असं दिसलं, की अंकुशची गाडी बोलवायची. अंकुशने गाडीतली मागची सीट काढून गादी टाकलीय. माणूस जिवंत असतानाच गावाला न्यायचं. मेल्यावर नेलं तर नाक्यानाक्यावर अडवणूक, आणि खोलीत मरण झालं तर घरमालक खोली सोडायला सांगतो. शिवाय गाव आपलं असतं. आयुष्यभर शहराचे दगड फोडले तरी जीव सोडायला माणसाला गावच आठवतं. गाडीने शहराची हद्द ओलांडली, की टिकलीचा संपर्क तुटतो. आयुर्दर्शी त्या माणसापुढे नोंद करतं, शहर सोडले, स्थिती जिवंत. मग तो माणूस कायमचा जिवंत राहतो.

सभा संपल्यावर मी मॅडमना त्यांच्या केबिनमध्ये गाठलं आणि हे सगळं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या. वाईट बाई नाही ती. वाईट असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

"अगं, किती इंटरेस्टिंग आहे हे," त्या म्हणाल्या. "पण गावाकडच्या मृत्यूंची नोंद आपल्याकडे येत नाही ना. आणि ऐकीव माहिती यंत्रात घालता येत नाही, तुला माहितीय."

"मग काटकता काढून टाका."

"माझ्या हातात नाही. कुणाच्याच नाही. उद्या कुणी मंत्री सांगेल माझ्या वॉर्डाला दहा वर्षं लावा, म्हणून तर माणसांचे हात बाहेर ठेवले. यंत्र मृत्यूंमधूनच शिकतं, सुकेशिनी. खाणवाडीत मृत्यू दिसले, की पुढच्या तिमाहीत ते स्वतःच दुरुस्त होईल."

"म्हणजे त्याला आमची मढी हवीत."

"असं काय गं बोलतेस!"

"मॅडम, तुम्ही या ना खाणवाडीत राहायला. लोक मरत नाहीत तिथे. भाडंही निम्मं."

त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. नकाशा हिरवा झाला की त्या भागातले बिल्डर फ्लेक्स लावतात, 'इथे आयुष्य वाढतं'. वनराईत अशा फ्लेक्सची रांग आहे. खाणवाडी हिरवी होऊन वर्ष झालं, तरी एकाही बिल्डरने इकडे तोंड वळवलं नव्हतं, केंद्रातल्या एकाही माणसाने इथे खोली विचारली नव्हती. नकाशा खोटा आहे हे सगळ्यांना आतून ठाऊक होतं. खोटं आमच्या जिवावर चाललं होतं, म्हणून चालत होतं.

माझी घाई वेगळ्याच गोष्टीची होती. माझा बा.

उत्तम हिवराळे, वय सहासष्ट. तीस वर्षं खडीच्या क्रशरवर काढली. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी त्याची झडप कडक होत चालली होती. मोरीपर्यंत जाऊन आला तरी भिंतीला हात लावून उभा राहायचा. नवी झडप आता मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवतात, छाती फाडावी लागत नाही. सार्वजनिक योजनेत ती फुकट मिळते, पण क्रम आयुर्दर्शी लावतं. बाचं देहवय निघालं ब्याऐंशी. त्यातून काटकता वजा, राहिले बासष्ट. बासष्टच्या माणसाला काय घाई? क्रम इतका मागे लागला की तो वाचून दाखवायला मला लाज वाटली.

"म्हंजे मी जवान हाय म्हन की," बा म्हणाला, आणि हसता हसता त्याला धाप लागली.

खासगीत करायचं तर माझा कित्येक वर्षांचा पगार गेला असता. तो पगार बऱ्यापैकी आहे. त्याच्या जोरावर मी वनराईत भाड्याने घर शोधलं होतं, बाला जरा बरी हवा मिळावी म्हणून. फोनवर सगळं ठरायचं, मग आडनाव विचारायचे. "हिवराळे म्हणजे कुठले हो तुम्ही?" मी सांगायचे. मग मालकांचा पुतण्या अचानक अमेरिकेतून परत यायचा. सात घरांच्या मालकांना पुतणे होते आणि सगळे एकाच महिन्यात परतले. दातार मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या फार हळहळल्या. "आमच्या सोसायटीत असं काही नाही हं," म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः शब्द टाकला. सोसायटीने कळवलं की जातीचा प्रश्नच नाही, फक्त मटण-मासे शिजवणारं कुटुंब नको. मॅडमच्या शेजारच्या फ्लॅटमधून दर रविवारी मटणाचा वास येतो, हे त्यांनीच मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं.

बाला मी केबिनमधलं बोलणं सांगितलं. सांगायला नको होतं, पण रागाच्या भरात सगळंच बाहेर पडलं.

"मंग मला कवा न्यायचं गावाला?" त्याने एवढंच विचारलं.

"बा, तुला झडप बसवायचीय."

"बसली तर बसली. न बसली तर मला हिवऱ्यालाच न्यायचं. तिथली दोन गुंठे माती आपुन भांडून घेतल्याली हाय. तुला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. हिवऱ्यात आमच्या माणसांना जाळायला जागा नव्हती. ओढ्याच्या कडेला जाळायचे, पावसाळ्यात सरण विझायचं. बा विशीत असताना सहा जणांनी तालुक्याला खेटे घालून, मार खाऊन, कोर्टात उभं राहून ती जागा मिळवली. त्या सहापैकी पाच जण आता तिथेच आहेत. माझी आईही तिथेच आहे. अंकुशच्याच गाडीतून गेली ती. आयुर्दर्शीच्या हिशेबात माझी आई अजून जिवंत आहे.

दुसऱ्या आठवड्यात अंकुशची गाडी आमच्या गल्लीत आली. समोरच्या शेवंताकाकूंचे मालक, नामदेवकाका, यकृताच्या दुखण्याने खंगलेले. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे. काटकता वजा जाऊन तेही यंत्राच्या लेखी पन्नाशीचे धडधाकट होते. काकू पाण्याची बाटली आणि घोंगडी घेऊन गाडीत चढत होत्या. मी जाऊन गाडीच्या पुढे उभी राहिले.

"काकू, नेऊ नका त्यांना."

"काय बोलायलीस सुके? बाजूला हो."

भर सकाळी, गल्लीच्या मधोमध उभी राहून मी सगळं सांगितलं. टिकली, हद्द, वजा होणारी वीस वर्षं. माणसं जमली. माझा आवाज चढत गेला. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग त्या गाडीतून खाली उतरल्या.

"म्हंजे माझ्या मालकानं हितं मरावं, म्हंजे तुझ्या यंत्राला समजंल?"

"हो."

"जित्ता हाय तवर एका डाक्टरनं हात लावला न्हाई. आन आता मेल्यावर मोजायला पायजेल व्हय तुमाला?" त्या माझ्या अगदी तोंडाशी आल्या. "तुला तुझ्या बापाला झडप बसवायचीय. त्याच्यासाठी माझ्या नवऱ्याचं मढं मागायलीस तू."

 त्या म्हणाल्या त्यात खोटं काहीच नव्हतं. मी गाडीपुढून बाजूला झाले.

अंकुशने गाडी सुरू केली नाही. काकू तशाच उभ्या होत्या.

"हितं ऱ्हायलं तर दवाखाना ऱ्हाईल का गं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, काकू. पण नेलं तर नक्की राहणार नाही. आजवर नेलेल्या एकाचाही कुणी हिशेब धरला नाही."

आतून नामदेवकाकांनी हाताने खूण केली. खाली घ्या. काकूंनी तोंडात पदर धरला, पण गाडीचं दार त्यांनीच उघडलं.

घरमालक खोलीत मरू देईना, म्हणून काकांना विहाराच्या हॉलमध्ये ठेवलं. चौथ्या दिवशी ते गेले, आणि खाणवाडीच्या नकाशावर त्या वर्षातला पहिला मृत्यू उमटला. काकूंनी मला बोलावलं नाही, तरी मी गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण जा असंही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर हॉलमध्ये आणखी गाद्या आल्या. मी कुणाला सांगायला गेले नाही. काकूंनीच सांगितलं, दारोदार जाऊन. ज्यांना गावाचीच ओढ होती ते गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. पण बरेच राहिले. क्रशरवाली माणसं, डेपोत कचरा वेचणारी माणसं, फुप्फुसात दगडाचा भुगा भरलेली माणसं. बाया पाळीपाळीने पेज करून आणायच्या. मी केंद्रात बसून पडद्यावर एकेक ठिपका उमटताना बघायचे, आणि प्रत्येक ठिपक्याचं नाव मला पाठ असायचं. मला त्या काळात कुणी गोड बोललं तरी राग यायचा. दातार मॅडम तर रोज गोड बोलायच्या.

तिमाही संपली. मॅडमचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता.

"सुकेशिनी, अभिनंदन! यंत्र शिकलं. काटकता शून्यावर आली. बघ, मी म्हणाले होते ना, व्यवस्थेवर विश्वास ठेवला पाहिजे. खाणवाडी आता लाल."

"दवाखाना?"

"हलवण्याचा ठराव रद्द होईल असं दिसतंय."

मी डोळे मिटले. काकूंना सांगता येण्यासारखं काहीतरी होतं.

"आणि बा? त्याचं देहवय आता आहे तेच धरणार ना? क्रम वर आला असेल."

मॅडमचा आवाज मऊ झाला. 

"अगं, ताज्या थेंबात त्यांचं देहवय चौऱ्याऐंशी आलंय. आणि झडपेला ऐंशीची मर्यादा आहे. उपचार मंडळाचा नियम आहे तो. महागडी झडप, तर ज्याला तिच्यामुळे निदान काही वर्षं मिळतील अशालाच द्यायची."

हा नियम मी कधी ऐकला नव्हता. केंद्रात कुणीच फारसा ऐकला नव्हता. वनराईत देहवय ऐंशीला पोचतं तेव्हा माणूस नव्वदीच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे त्यावर कुणी भांडलंच नव्हतं. आमच्याकडे ऐंशीला माणूस साठीत पोचतो.

"मॅडम," मी म्हणाले, "परवापर्यंत माझा बाप इतका धडधाकट होता की त्याला झडपेची गरज नव्हती. आज तो इतका संपलाय की झडपेचा त्याला उपयोग नाही. मधे एखादा दिवस होता का, ज्या दिवशी त्याला ती मिळाली असती?"

"सुकेशिनी, नियम मी केलेले नाहीत."

"कुणीच केलेले नसतात. मी विचारलं, एक तरी दिवस होता का?"

 मी फोन ठेवला आणि समोरचा काचेचा पेला भिंतीवर फेकून मारला. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून बाहेर गेले. मीही उठले आणि घरी आले. परत तिथे पाऊल ठेवलेलं नाही.

बा खाटेवर उशांना टेकून बसला होता. शेवंताकाकू त्याला पेज भरवत होत्या. मी दोघांना सांगितलं. काकूंनी वाटी खाली ठेवली आणि मंडळाच्या नावाने अशी शिवी घातली की एरवी बाने त्यांना दटावलं असतं.

"अंकुशला बोलावते," मी म्हणाले. "बा, तुला उद्याच हिवऱ्याला नेते. यांना तुझा शेवटचा ठोकासुद्धा द्यायचा नाही."

 एकेका श्वासासाठी त्याचे खांदे वर येत होते.

"त्या बाईचा वार्ड कोनता?"

"वनराई."

"तिथं मेलं तर कुठं मोजत्यात?"

"जिथं ठोके थांबतील तिथंच. वनराईत."

"तिथं किती मरत्यात?"

"फार नाही. लहान वॉर्ड आहे. आठवड्याला एखादा, तोही पिकलेला म्हातारा."

"मंग आपुन हितं काहून मरायलोय?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. संख्याशास्त्र मी शिकले होते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वनराईसारख्या वॉर्डाला रंग बदलायला पंधरा-वीस मरणं पुरेशी आहेत. साठीतल्या माणसांची मरणं. फ्लेक्स उतरतील. फ्लॅटचे भाव पडतील. विम्याचे हप्ते वाढतील. मटणाच्या वासाने ज्यांची झोप उडते, त्यांची झोप मग खरोखर उडेल.

"पण तुझी माती, बा? हिवरा?"

"जाळायला हिवऱ्यालाच न्यायचं की. मी काय त्यांच्या मसनात जानार हाय व्हय?" त्याने माझा हात धरला. "माती मी भांडून घेतली, ती मी सोडत न्हाई. पर मरण त्यांच्या नावावर पडू दे. आपल्या नावावर लई झालीत."

मला रडू फुटलं. मला तो मरायला नको होता, तिथेही आणि इथेही. मला त्याला झडप बसवून हवी होती, बस, एवढंच हवं होतं. आणि तेवढं सोडून बाकी सगळ्याचा पर्याय आमच्यापुढे होता.

"मेल्यावर मढं न्यायला अंकुश जादा पैशे घेईल," काकू म्हणाल्या.

अंकुश दारातच उभा होता. "एक रुपाया घेणार न्हाई," तो म्हणाला. "नाक्यावर कोन अडवतंय ते बघतोच."

दोन दिवसांनी, उन्हं कोवळी असतानाच आम्ही पूल ओलांडला. बा पुढच्या सीटवर, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. मागे मी आणि शेवंताकाकू. वनराईचं मोठं उद्यान सार्वजनिक आहे, फाटकावर तसं लिहिलेलंच आहे. तरी पहारेकऱ्याने अडवलं. मी पाटी दाखवली. आम्ही कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची मांडली, बाला बसवलं, पायांवर घोंगडी घातली. काकूंनी शेजारी चटई अंथरली, पाण्याचा जार ठेवला. इतकी झाडं बाने कधी बसून पाहिली नव्हती. तो मान वर करून बघत राहिला.

फिरायला आलेली माणसं आधी वळून वळून बघत गेली. मग दोघंतिघं थांबली. एकाने फोन काढला. कुणीतरी सोसायटीच्या सेक्रेटरीला हाक मारली. आणि त्यांच्यामधून, पायात पांढरे बूट घातलेल्या दातार मॅडम पुढे आल्या.

"सुकेशिनी! अगं, दोन दिवस झाले, तू ऑफिसला..." त्यांचं लक्ष बाच्याकडे गेलं. चेहरा खरंच कळवळला. त्या बापुढे वाकल्या. "नमस्कार बाबा. हवा पालटायला आणलं होय तुम्हाला? फार छान केलं. किती दिवस आहात?"

बाने श्वास गोळा केला. त्याला घाई नव्हती.

"तुमच्या यंत्राला इचारा, बाई," तो म्हणाला. "ते म्हनतंय, फार न्हाई."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग चटईकडे, मग बाच्या दंडावरच्या टिकलीकडे. त्यांना समजलं तो क्षण मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला. पुलावरून अंकुशची गाडी हॉलमधल्या माणसांची दुसरी खेप घेऊन येत होती.